अवघड शब्दांचा होमर

होमरविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले गेले आहे, त्यात त्याच्या शैलीच्या सरळपणाचा उल्लेख सहसा चुकत नाही. या मताचा उगम शोधू गेल्यास तो होमरच्या ग्रीकमध्ये नव्हे, तर मॅथ्यू अर्नोल्डच्या इंग्रजीत सापडतो. ऑक्सफर्ड येथे दिलेल्या आणि १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अर्नोल्डने होमरचे चार गुण सांगितले : तो वेगवान आहे, शब्दयोजनेत आणि वाक्यरचनेत सरळ आहे, विचारांत सरळ आहे, आणि उदात्त आहे. इंग्रजी साहित्य शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे चार गुण परीक्षेसाठी पाठ केले. मूळ काव्य वाचण्याचा प्रसंग बहुतेकांवर येत नसल्यामुळे या गुणवर्णनाची शहानिशा करण्याचे कारणही त्यांना पडले नाही.

त्या व्याख्यानांत अर्नोल्डने ज्याची टर उडवली, तो फ्रान्सिस न्यूमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये लॅटिनचा प्राध्यापक होता. त्याने १८५६ साली 'इलियड'चा अनुवाद केला. होमरची भाषा सॉफक्लिसच्या काळातल्या अथेन्सवासीयांनाही जुनाट, विचित्र आणि ठिकठिकाणी अगम्य वाटत असली पाहिजे, आणि म्हणून अनुवादकानेही जुन्या इंग्रजीतले अपरिचित शब्द योजले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. तसे शब्द त्याने योजले आणि वाचकांसाठी त्यांचा छोटा कोशही जोडला. हा अनुवाद आज वाचवत नाही. ती विचित्र शब्दांची मांडणी पाहून अर्नोल्डला हसू आले असेल तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु न्यूमनने उपस्थित केलेला प्रश्न त्याच्या अनुवादाबरोबर निकालात निघाला, असे मात्र मला वाटत नाही. रसिकतेत अर्नोल्ड श्रेष्ठ होता. वस्तुस्थितीच्या बाबतीत न्यूमनची बाजू बळकट होती.

हे मी आज ठामपणे म्हणू शकतो, कारण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ग्रीक शिकावयास आरंभ केला. मराठी आख्यानकवितेवर प्रबंध लिहिताना महाकाव्याच्या भाषेविषयीच्या अनेक सिद्धांतांशी परिचय झाला होता आणि त्यांतले बहुतेक होमरवर उभे होते. ज्या काव्यावर सिद्धांत उभा आहे ते काव्य आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे, ही गोष्ट पुढे अध्यापनाच्या साऱ्या वर्षांत मला खुपत राहिली. आपल्याकडे ग्रीक शिकण्याची सोय विरळाच. क्लाइड फार याचे १९२० सालचे पाठ्यपुस्तक मी हाती घेतले. झेनोफोनच्या गद्यापासून आरंभ न करता थेट 'इलियड'च्या पहिल्या सर्गापासून ग्रीक शिकवावे, हा त्याचा आग्रह माझ्या हेतूला सोयीचा होता. वयोमानाने स्मरणशक्ती उतरणीला लागलेली. सकाळी पाठ केलेला शब्द संध्याकाळी अनोळखी होऊन समोर यावयाचा. सोबतीला माझ्याहून वयाने मोठे असलेले एक संस्कृतज्ञ स्नेही होते. आम्ही दर रविवारी बसत असू.

शब्द पाठ करण्यासाठी जी साधने मिळतात त्यांत ओवेन आणि गुडस्पीड यांची १९०६ सालची शब्दसूची प्रसिद्ध आहे. तिचे तत्त्व व्यवहारी आहे. होमरमध्ये जो शब्द अधिक वेळा येतो तो आधी शिकावा, कमी वेळा येणारा नंतर, आणि क्वचित येणाऱ्या शब्दाचा भार विद्यार्थ्यावर टाकूच नये. नवशिक्याला ही सूची खरोखर उपकारक आहे. 'इलियड'च्या सुमारे १५,७०० आणि 'ओडिसी'च्या सुमारे १२,१०० ओळी त्याच त्या शब्दांच्या आणि शब्दसमूहांच्या आवर्तनांनी विणलेल्या आहेत. तेवढे शब्द आले की काव्याचा मोठा भाग उलगडू लागतो. अडचण पुढे येते. संपूर्ण काव्यात एकदाच येणारे शब्द होमरमध्ये शेकड्यांनी आहेत आणि ते काव्यभर सारखे पसरलेले नाहीत. एखाद्या सर्गात वीस-पंचवीस ओळी सुरळीत जातात आणि अचानक एका ओळीत असे दोन शब्द उभे राहतात. वारंवारितेच्या हिशेबाने हे शब्द सर्वांत निरुपयोगी ठरतात, कारण ते शिकून दुसऱ्या कोणत्याही ओळीचा अर्थ लागत नाही. मला मात्र ओढ त्यांचीच लागली.

हे शब्द अवघड कोणाला? आम्हा परक्यांना, की ग्रीकांनाही? याचे उत्तर ग्रीकांनीच देऊन ठेवले आहे. इ.स.पूर्व ४२७ मध्ये ॲरिस्टोफेनीसचे पहिले नाटक सादर झाले. ते आज समग्र उपलब्ध नाही, परंतु त्यातला एक तुकडा गेलन या वैद्यामुळे टिकला आहे. त्यात एक बाप आपल्या उनाड मुलाची परीक्षा घेतो आणि त्याला होमरच्या शब्दांचे अर्थ विचारतो : 'कोरुम्बा' म्हणजे काय, 'अमेनेना कारेना' म्हणजे काय. पहिला शब्द गलबतांच्या उंच टोकांविषयी आहे. दुसरा शब्दसमूह मृतांच्या निर्बल मस्तकांविषयी. मुलगा उत्तर देण्याऐवजी आपल्या आज्ञाधारक भावाकडे बोट दाखवून सोलोनच्या कायद्यांतल्या जुन्या शब्दांचे अर्थ त्याला विचारावेत असे सुचवतो. म्हणजे पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये होमरचे शब्द घोकून घेतले जात होते आणि मुले त्यांना कंटाळत होती. न्यूमनला याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

दुसरा साक्षीदार स्ट्रॅटो नावाच्या विनोदी नाटककाराचा स्वयंपाकी. त्याला होमरच्या शब्दांत बोलण्याची खोड आहे. किती 'मेरोपेस' जेवायला बोलावलेत, असे तो यजमानाला विचारतो. 'मेरोप्स' हे होमरमध्ये माणसाला लावलेले विशेषण आहे. ते कुणाचे तरी नाव असावे असे समजून यजमान म्हणतो की असा कोणी गृहस्थ येणार नाही. मेंढ्या, मीठ, पाहुणे, साऱ्यांसाठी हा आचारी महाकाव्यातले शब्द योजतो आणि यजमान मेटाकुटीला येतो. फिलितासचे कोश आणून एकेक शब्द पाहावा लागेल, असे त्याला वाटते. कोस बेटावरच्या या फिलितासने इ.स.पूर्व ३००च्या सुमारास दुर्मीळ शब्दांचा संग्रह केला होता. तो अभ्यासाने इतका कृश झाला होता की वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून पायांना शिसे बांधी, अशी त्याच्याविषयी आख्यायिका आहे. (कोशकारांविषयीच्या आख्यायिका साऱ्या देशांत सारख्याच असाव्यात.) स्ट्रॅटोचा हा उतारा इजिप्तमध्ये सापडलेल्या, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातल्या एका शालेय पपायरसवरही आहे. मुले एकीकडे होमरचे शब्द शिकत होती आणि दुसरीकडे त्या शब्दांची थट्टा वाचत होती. आणि गंमत ही, की 'मेरोप्स'चा नेमका अर्थ त्यांच्या शिक्षकांनाही खात्रीने ठाऊक नव्हता. 'वाणीचे विभाग करणारा', म्हणून स्पष्ट उच्चारांनी बोलणारा, अशी प्राचीनांनी व्युत्पत्ती लावली. आधुनिक विद्वानांचे तिच्यावर एकमत नाही.

ॲरिस्टॉटलची साक्ष आपण नेहमी काढतो. पण ती शोकात्मिकेपुरती. 'काव्यशास्त्रा'चा विंदा करंदीकरांनी केलेला अनुवाद १९५७ सालापासून मराठीत आहे, तरीही वर्गात त्यातली भाषेविषयीची प्रकरणे गाळून पुढे जाण्याचीच प्रथा. बाविसाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल स्पष्ट म्हणतो की जोडशब्द एका काव्यप्रकाराला शोभतात, रूपके दुसऱ्याला, आणि अपरिचित शब्द वीरकाव्याला. त्याच्या दृष्टीने अवघड शब्द हा महाकाव्याच्या भाषेचा स्वभावच होय. पंचविसाव्या प्रकरणात तर तो स्वतःच अडखळतो. 'इलियड'च्या आरंभी अपोलोच्या रोगाचे पहिले भक्ष्य खेचरे ठरतात. देवाचा कोप आधी जनावरांवर का व्हावा, हा आक्षेप. त्यावर तो सुचवतो की येथे त्या शब्दाचा अर्थ कदाचित 'खेचरे' नसून 'पहारेकरी' असेल. ॲरिस्टॉटलला ज्या शब्दावर विचार करावा लागला, तो आमच्या सूचीत एका शब्दाचा अर्थ देऊन मोकळा केलेला असतो.

कवीलाही आपल्या श्रोत्यांची शंका येत असावी. दहाव्या सर्गात बैलाच्या चामड्याचे, तुरा नसलेले एक शिरस्त्राण येते आणि त्याला 'काताइत्युक्स' म्हणतात, असे कवी स्वतःच सांगून टाकतो. शब्द देऊन त्याच्याच शेजारी अर्थ देण्याची ही रीत कीर्तनकारांची आठवण करून देते.

माझे स्नेही ही सारी हकीकत ऐकून एवढेच म्हणाले, "अहो, यात नवल ते काय? आमच्या यास्कांचे दुखणे हेच." खरेच आहे. निघंटूच्या चौथ्या अध्यायात ज्यांचा अर्थ सहज लागत नाही असे सुटे वैदिक शब्द गोळा केलेले आहेत, आणि त्यांचे निर्वचन करण्यासाठी यास्काने निरुक्तात पराकाष्ठा केली. मंत्र अर्थहीनच आहेत, असे म्हणणारा कौत्सही तेथे भेटतो. 'जर्भरी तुर्फरी' या शब्दांची चार्वाकांनी केलेली चेष्टा तर प्रसिद्धच आहे. पण ग्रीकांची आणि आपली वाट एका ठिकाणी फुटते. वैदिकाने कळो वा न कळो, शब्दाचा स्वरसुद्धा हलू दिला नाही. ग्रीक गायक मात्र गाता गाता रचत होता, आणि रचणाऱ्याच्या हातात न कळलेला शब्द जसाच्या तसा राहत नाही.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण नवव्या सर्गात आहे. 'क्रुओएइस' म्हणजे गारठवणारा, अंगावर काटा आणणारा. या शब्दाच्या आधी एक षष्ठ्यंत शब्द आला की जुन्या भाषेत त्याचा शेवट 'ओओ' असा होई. पुढे हा जोडस्वर आकुंचन पावून 'ऊ' झाला. वृत्ताची मात्रा भरण्यासाठी सुटलेला 'ओ' मग पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला आणि 'ओक्रुओएइस' हा भाषेत कधीच नसलेला शब्द जन्मला. मनू लॉयमान यांनी १९५०च्या आपल्या ग्रंथात अशा कितीतरी शब्दांची कुळकथा मांडली आहे. हाच शब्द सहाव्या सर्गात हेलेनच्या तोंडी येतो. हेक्टरसमोर ती स्वतःची निर्भर्त्सना करते तेव्हा स्वतःला कुत्री म्हणते आणि हे विशेषण जोडते. दोन्ही ठिकाणी मूळ रूप पुन्हा बसवू पाहणारे संपादक आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्त असेल. परंतु पुढे अपोलोनिअस ऱ्होडिअसने तो शब्द स्वतंत्र म्हणून वापरला, तेव्हा त्याला भाषेतून काढून टाकण्याचा अधिकार कोणाला उरला?

मिल्मन पॅरी यांनी १९२८ साली अशा शब्दांवर एक निबंध लिहिला. हर्मीसला लावलेले 'दिआक्तोरोस' यासारखे विशेषण श्रोत्यांना नेमके कळत नसे आणि त्याची त्यांना गरजही भासत नसे. नामाला कायमचे जखडलेले ते विशेषण महाकाव्याच्या भारदस्तपणाची खूण म्हणून ऐकले जाई, असे त्यांचे प्रतिपादन. आरतीतले कित्येक शब्द जन्मभर म्हणूनही अर्थ विचारताच आपण थांबतो, हे ध्यानात घेतले तर पॅरी यांचे म्हणणे पटते. पण ते देवांच्या आणि वीरांच्या उपाध्यांपुरतेच. वस्तूंची नावे याहून वेगळी वागतात, आणि मला सांगावयाचे आहे ते त्यांच्याविषयी.

संस्कृतचा आधार येथे कितपत होतो? पुष्कळच, पण सावधगिरीने. अकिलीजच्या तोंडचे 'क्लेओस आफ्थितोन' आणि ऋग्वेदातले 'श्रवः' व 'अक्षितम्' हे एकाच मुळातून आलेले आहेत, हे आडालबेर्ट कून यांनी १८५३ साली दाखवले. अक्षय्य तृतीयेतला 'क्षय' आणि अकिलीजच्या कीर्तीतला 'फ्थि' हे सख्खे भाऊ आहेत, हे कळल्यावर तो शब्द विसरणे शक्य नाही. याउलट 'थेओस' आणि 'देव' यांचे नाते सहज जुळवावेसे वाटते, आणि ते मुळीच नाही. ध्वनीवर भाळून नाती जुळवणाऱ्याला ग्रीक लवकर शिक्षा करते.

आता चोविसाव्या सर्गाकडे येतो. हेक्टरचे प्रेत अकिलीजच्या छावणीत पडून आहे. ते सोडवून आणण्यासाठी वृद्ध प्रायम निघतो. निघण्यापूर्वी तो उरलेल्या नऊ मुलांवर जळफळतो : चांगले तेवढे मेले, निलाजरे मागे उरले, गाडी जुंपायलाही तुम्हांला इतका वेळ? मुले घाबरून धावतात. आणि या ठिकाणी, बापाच्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण घटकेला, होमर सुमारे दहा ओळी गाडी जुंपण्यात घालवतो. नवी कोरी खेचरगाडी बाहेर काढली. तिच्यावर 'पेइरिन्स' म्हणजे विणलेला हारा बांधला. खुंटीवरून जू खाली घेतले. ते बॉक्सवुडचे, मध्ये 'ओम्फालोस' असलेले. त्याबरोबर 'झुगोदेस्मोन', जू बांधण्याची नऊ हात लांबीची वादी. मग ते दांडीच्या टोकावर बसवले, 'क्रिकोस' म्हणजे कडी 'हेस्तोर' म्हणजे खुंटीवर चढवली, दोन्ही बाजूंनी तीन तीन वेढे दिले. यांतले काही शब्द होमरमध्ये पुन्हा कुठेही येत नाहीत. शेवटी वादीचे टोक कसे दाबले, याविषयी भाष्यकारांचा वाद मिटलेला नाही.

इंग्रजी अनुवादांत या ओळी मी पूर्वी कितीदा तरी वाचल्या होत्या. नजर त्यांच्यावर ठरत नसे, कारण त्या इंग्रजी शब्दांना माझ्या अनुभवात काही आधार नव्हता. मूळ ओळी वाचताना एकदम आजोळची गाडी डोळ्यांपुढे आली. 'झुगोन' म्हणजे युग, म्हणजे आपले जू. 'ओम्फालोस' आणि नाभी एकाच मुळाचे. नऊ हातांसाठी जो समास आहे त्यात 'नव' आणि 'बाहु' यांचे ग्रीक भाऊबंद आहेत. याच गाडीला पुढे चार चाकांची म्हटले आहे. त्या विशेषणातला 'कुक्लोस' म्हणजे चक्र, चाक. रथांच्या वर्णनांत येणारा 'आक्झोन' म्हणजे अक्ष, आपल्या गाडीवानाचा आंस. कोश न उघडता अर्धी गाडी माझ्या ओळखीची निघाली.

उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र आम्ही दोघे तीन रविवार भांडलो. 'हेस्तोर'ला मी 'शिवळ' असा प्रतिशब्द सुचवला. स्नेही म्हणाले, "शिवळ कुठे असते, आठवा पाहू. जुवाच्या टोकाला, बैलाच्या मानेपाशी. ही खुंटी दांडीत आहे." त्यांचे म्हणणे बिनतोड होते. मामांची गाडी मी आठवू लागलो. जू दांडीला चऱ्हाटाने आवळून बांधीत; शिवळा बाजूला, जुपण्या त्यांना लावलेल्या. दांडीतल्या खुंटीला वेगळे नाव होते की नाही, ते सांगायला मामा आता नाहीत. 'पेइरिन्स'ला आम्ही 'तट्ट्या'पाशी आणून सोडले. तो हारा नव्हे, पण साटीवर माल राहावा म्हणून विणलेली वस्तू बसवावयाची, ही कल्पना तीच. नंतर एकदा पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांपुढे मी हा उतारा मराठीत ठेवला. त्यांना 'क्रिकोस' जितका परका, तितकाच 'शिवळ' परका वाटला. जू त्यांना म्हणीपुरते ठाऊक होते. वर्गातल्या एका मुलाने मात्र घरी फोन करून आजोबांना विचारले आणि पुढच्या तासाला जुपणी कशी बांधतात ते फळ्यावर काढून दाखवले.

वस्तूंच्या नावांचा छडा कधी कधी जमिनीतूनही लागतो. मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ साली लिनिअर बी लिपी उलगडली. पायलॉसच्या एका मृत्तिकापट्टिकेवर 'दिपा' नावाची भांडी नोंदलेली आहेत आणि प्रत्येकापुढे चित्र : चार कानांचे, तीन कानांचे, बिनकानांचे. होमरचे 'देपास' ते हेच. नेस्टरच्या प्रसिद्ध पात्रालाही चार कान आहेत, आणि होमर त्यांना कानच म्हणतो, जसे आपण कढईचे कान म्हणतो. ही नोंद करणारा कारकून होमरच्या चार-पाच शतके आधीचा.

ब्रूनो स्नेल यांनी हाम्बुर्ग येथे ज्याचा पाया घातला त्या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या कोशाचा पहिला खंडांश १९५५ साली निघाला आणि शेवटचा २०१० साली. आता संगणकावर कोणत्याही शब्दाला स्पर्श केला की अर्थ उमटतो, आणि मीही ती सोय वापरतो. तशा रीतीने पाहिलेला शब्द मात्र माझ्या ध्यानात राहत नाही. ज्याच्यावर तीन रविवार भांडलो तो राहिला. म्हणून एकदाच येणारे शब्द मी आता सूचीत लिहीत नाही. ज्या ओळीत ते येतात ती ओळ मोठ्याने म्हणतो, आणि वस्तू असेल तर तिचे चित्र काढतो. माझ्या वहीत प्रायमची गाडी चार वेळा काढलेली आहे. वादीचे शेवटचे टोक प्रत्येक चित्रात निराळ्या ठिकाणी आहे.

या गाडीवर आधी खंडणीचे सामान चढते. परतताना त्याच गाडीवर हेक्टरचे प्रेत असते. पहाटे कासांड्रा गडावरून पाहते आणि तिला सर्वांआधी दिसते ते हे : बाप रथात उभा, शेजारी ललकारी देणारा भालदार, आणि खेचरांमागे तिरडीवर पडलेला भाऊ. खेचरे प्रेत आणीत होती, एवढे होमर दोन-तीन साध्या शब्दांत सांगतो. दांडी, कडी, खुंटी, वादी यांतल्या एकाचेही नाव तेथे येत नाही.